उकिरड्यातील इतिहास

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानाच्या शीर्षकात ‘उकिरडा’ हा शब्द पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, ताम्रपट येतात, शिलालेख येतात. ही सारी राजांनी आणि दात्यांनी मागे ठेवलेली साक्ष. जे पुढच्यांना कळावे असे त्यांना वाटले, तेच त्यांनी कोरून ठेवले. आज मी ज्या साधनांविषयी बोलणार आहे, ती कोणीही मुद्दाम मागे ठेवलेली नाहीत. चुलीतून बाहेर पडलेला जळका दाणा, खाऊन फेकलेले हाड, बोराची बी, माशाचा काटा. घरातल्या बाईने सकाळी केर काढला आणि दाराबाहेर टाकला. त्या केराचे तीन-साडेतीन हजार वर्षांनी वाचन करणारी माणसे आज आपल्या देशात आहेत. त्यांच्या विद्येला पुराप्राणिशास्त्र आणि पुरावनस्पतिशास्त्र अशी भारदस्त नावे आहेत.

मी या विद्येचा अधिकारी नाही. कला शाखेचा पदवीधर, पेशाने पत्रकार. परंतु पत्रकाराला एक सवय लागलेली असते: कोणी काही छातीठोकपणे सांगू लागला की पुरावा काय, असे विचारण्याची. प्राचीन भारताविषयी आपल्याकडे छातीठोक बोलणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती, ना आपल्या बाजूला, ना समोरच्या बाजूला. त्या गलबल्यात जळका दाणा आणि हाड काय सांगते, हे शांतपणे ऐकावे, एवढाच आजचा प्रयत्न.

आरंभ मुंबईपासून करतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात एक चांदीचे भांडे सापडले. त्याला कापडाचा एक लहानसा तुकडा चिकटला होता. धातूच्या क्षारांमुळे तो कुजला नव्हता. हा तुकडा कशाचा, हे ठरवायचे होते. ते काम झाले माटुंग्याला! तेथे इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची तंत्र प्रयोगशाळा होती. गुलाटी आणि टर्नर या दोन संशोधकांनी तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९२८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की हा कापूसच आहे. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या काठी माणसे सुती वस्त्र विणत होती, ही गोष्ट कोणत्याही ग्रंथावरून सिद्ध झालेली नाही. नखाएवढ्या एका चिंधीने ती सिद्ध केली. माटुंग्याहून रोज लोकलने जाणाऱ्या किती मुंबईकरांना हे ठाऊक असेल?

त्याच सुमारास हडप्प्याच्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास डॉ. बैनी प्रसाद या भारतीय प्राणिशास्त्रज्ञाने केला. तो १९३६ साली प्रसिद्ध झाला. पण हे अपवाद. त्या काळच्या उत्खननांत मुद्रा, मणी, मूर्ती तेवढ्या जपल्या जात आणि हाडांचे, कोळशाचे ढीग उपसलेल्या मातीबरोबर बाहेर जात. जगभर तसेच होते, एकट्या भारताला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या मातीत उत्तरे होती तीच माती टोपल्यांनी फेकली गेली, आणि ती आता पुन्हा मिळणार नाही.

आता ही विद्या चालते कशी, ते थोडक्यात सांगतो. धान्य जमिनीत पडले की कुजते किंवा उगवते. टिकतो तो अर्धवट जळून कोळसा झालेला दाणा. कीड त्याला खात नाही, ओल त्याला कुजवत नाही. म्हणजे घरधनिणीच्या दृष्टीने जो दाणा वाया गेला, तोच आपल्या हाती लागतो. असा दाणा हलका असतो. म्हणून उत्खननातील माती पाण्यात सोडतात आणि हलकेच ढवळतात. माती तळाशी बसते, जळके दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीवर घेऊन सावलीत वाळवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा ओळखण्याचे काम सुरू होते. हुलगा कोणता, मसूर कोणती, जवाचा दाणा सालीचा की बिनसालीचा, आणि त्याबरोबर आलेले तण कोणते. तणाला आपण शेतकरी शत्रू मानतो. येथे मात्र ते साक्षीदार होते. पाणथळ जागचे तण दाण्यांत मिळाले तर शेत ओलिताचे असावे, असा अंदाज बांधता येतो.

हाडांचे तसेच. अखंड सांगाडा क्वचित मिळतो. मिळतात ते तुकडे, आणि त्यावरून जनावर ओळखायचे. दातांची झीज पाहून वय सांगता येते. कळपातील बहुतेक नर कोवळ्या वयात मारलेले दिसले तर जनावरे मांसासाठी पाळली जात. म्हातारी जनावरे अधिक दिसली तर ती दुधासाठी, ओढकामासाठी. शेळी आणि मेंढी यांची हाडे इतकी सारखी असतात की तज्ज्ञही पुष्कळदा ‘शेळी किंवा मेंढी’ असे लिहून थांबतो. मला या थांबण्याचे फार मोल वाटते. आमच्या व्यवसायात असे थांबणारे थोडे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पर्जन्यछायेचा, अवर्षणाचा मुलूख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बारा हंगाम तेथे उत्खनन केले. डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. त्यांच्याबरोबर प्राण्यांच्या हाडांसाठी डॉ. पी. के. थॉमस आणि डॉ. बदाम, वनस्पतींसाठी डॉ. काजळे, मानवी सांगाड्यांसाठी डॉ. वाळिंबे अशी माणसे होती. एका खेड्याच्या मातीसाठी एवढे शास्त्रज्ञ एकत्र राबले, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. तेथे शंभर-सव्वाशेहून अधिक घरे उघडकीस आली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा त्या वस्तीचा काळ. म्हणजे नऊशे वर्षे लोक एका जागी नांदले. आपल्या कितीतरी आजच्या शहरांचे वय तेवढे नाही.

हे लोक खात काय होते? मुख्य धान्य जव. त्याच्या जोडीला गहू, आणि मसूर, हुलगा, वाटाणा, लाख, वाल ही कडधान्ये. बोरे खात. हुलगा आणि वाल ऐकून समोर बसलेल्या काही वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर हसू आलेले दिसते, ते साहजिक आहे. शिरूर-श्रीगोंद्याकडच्या घरात आजही हुलग्याचे माडगे होते. मात्र आज त्या मुलुखाचा जीव की प्राण असलेली ज्वारी-बाजरी तेव्हाच्या मुख्य अन्नात नाही. ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेतली. ती आपल्याकडे बाहेरून आली आणि इतकी आपली झाली की भाकरीवाचून मराठी माणसाची कल्पना करता येत नाही.

इनामगावच्या लोकांनी धान्य साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणली होती, कणग्यांसाठी गोल ओटे केले होते. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी चर खोदला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. जवळच्या वाळकी येथे जनावराच्या जाड हाडाचा नांगराचा फाळ मिळाला. लोखंड अजून यायचे होते, तांबे महाग होते. शेतकऱ्याने हाडाचा फाळ केला.

आणि मग इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे चित्र पालटू लागते. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. भांडी ओबडधोबड होतात. धान्य घटते. हाडांच्या ढिगात गुराढोरांचे प्रमाण कमी होते, शेळ्यामेंढ्या वाढतात आणि हरिणांसारखी शिकारीची जनावरे अधिक दिसू लागतात. शेतकरी हळूहळू मेंढपाळ आणि शिकारी होत गेला, असा याचा अर्थ डॉ. ढवळीकरांनी लावला. पाऊसमान घटले, ओढवलेल्या दुष्काळाने गावाचे कंबरडे मोडले, असे त्यांचे प्रतिपादन. हवामानावर सारा भार टाकणे काही अभ्यासकांना मान्य नाही आणि ती चर्चा चालू आहे. पण हाडांच्या ढिगातला बदल कोणी नाकारत नाही. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. कोणा आक्रमकाने जाळले नाही, लुटले नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे, खडी फोडायला गेलेले शेतकरी आणि छावणीतली गुरे ज्यांना आठवतात, त्यांना हे ओस पडणे समजावून सांगावे लागणार नाही.

आता ज्या विषयाशी येऊन अनेक वक्ते पाणी पिण्यासाठी थांबतात, तो विषय. इनामगावच्या हाडांत सर्वाधिक हाडे गाय-बैलांची आहेत, आणि त्यांतील पुष्कळ हाडांवर तोडल्याच्या, भाजल्याच्या खुणा आहेत. म्हणजे तेथील लोक गोमांस खात होते. डेक्कन कॉलेजच्या अहवालातली ही नोंद आहे. कोणा विदेशी द्वेष्ट्याने रचलेली कथा नव्हे. डॉ. सांकळिया यांनी १९६७ साली ‘सेमिनार’ मासिकात इतिहासातील गायीविषयी लेख लिहिला, तेव्हा गोहत्याबंदीच्या आंदोलनाने देश तापलेला होता. त्यांनी उत्खननांतून दिसले ते लिहिले. पुढे अनेकांनी तो लेख आपापल्या सोयीने वापरला.

आपण याचे काय करायचे? मला स्पष्ट बोलू द्या. गोरक्षणाची आपली भूमिका इनामगावच्या माणसाच्या ताटावर अवलंबून असती, तर ती फारच लेचीपेची ठरली असती. जोर्वे संस्कृतीच्या त्या माणसांनी एकही अक्षर लिहून ठेवलेले नाही. त्यांची भाषा कोणती हे कोणालाही ठाऊक नाही. ते आजच्या अर्थाने कोण होते, हे हाड सांगत नाही. गायीविषयीचा पूज्यभाव या समाजात शतकानुशतके वाढत गेला. नांगर, दूध, शेण आणि त्यांच्यावर चालणारे घर, या साऱ्यांतून तो वाढला. संस्कृती म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण घडलेली वस्तू आहे, असे ज्यांना वाटते त्यांनाच हाडाची भीती वाटावी. आणि जे लोक इनामगावचे हाड उचलून आजच्या श्रद्धेची टवाळी करतात, त्यांनाही तेच सांगणे आहे. त्या काळी काय शिजले ते हाड सांगेल, आज कोणाला काय पूज्य असावे हे ते सांगणार नाही. मात्र हाड लपवण्याचा मार्ग आपला नव्हे. एकदा का नावडते हाड पिशवीतून काढून टाकले, की त्याच पिशवीतल्या आवडत्या हाडावर विश्वास कोणी का ठेवावा?

त्याच पिशवीत आपल्याला अभिमान वाटावा असेही पुष्कळ आहे, आणि ते तितक्याच कठोर परीक्षेतून उतरलेले आहे.

आपल्या वशिंडाच्या गायीचेच घ्या. गाईगुरे प्रथम पश्चिम आशियात माणसाळली आणि तेथून जगभर पसरली, असे दीर्घकाळ मानले जाई. १९९४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी जनुकीय तपासणी केली. त्यात दिसले, की वशिंडाची गाय आणि युरोपातील बिनवशिंडाची गाय यांचे पूर्वज दोन लाख वर्षांहून अधिक काळापूर्वीच वेगळे झाले होते. शेती तर दहा-बारा हजार वर्षांची. याचा अर्थ आपली गाय निराळी माणसाळवली गेली, आणि ती भारतीय उपखंडात. खिल्लार, डांगी, देवणी, गवळाऊ ही आपल्या महाराष्ट्राची गोधने त्याच वंशातली. प्रयोगशाळेच्या निष्कर्षाला उत्खननाचीही साथ आहे. बोलन खिंडीजवळ, आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात, मेहरगढ येथे फ्रेंच पुरातत्त्ववेत्ते झारिज यांनी १९७४ पासून उत्खनन केले. तेथील हाडे रिचर्ड मेडो यांनी पाहिली. खालच्या थरांत रानटी जनावरांची हाडे अधिक. वर येत जावे तसतशी गाईगुरांची हाडे वाढतात आणि त्यांचा आकार लहान होत जातो. जनावर गोठ्यात आले की पिढ्यांमागून पिढ्या ठेंगणे होते, हा जगभरचा अनुभव. वशिंडाच्या जनावराच्या पाठीच्या काही मणक्यांचे काटे टोकाशी दुभंगलेले असतात. वशिंड मांसाचे, ते उरत नाही, पण हा दुभंगलेला काटा उरतो. तेवढ्यावरून तज्ज्ञ वशिंड ओळखतो.

मेहरगढच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या वस्तीचा आरंभ इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकात झाला, असे आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. २०२५ साली तेथे पुरलेल्या माणसांच्या दातांवरील लुकणाचे नव्याने कालमापन प्रसिद्ध झाले. त्यानुसार त्या दफनभूमीचा आरंभ इसवी सनापूर्वी सुमारे ५२०० ते ४९०० च्या दरम्यानचा ठरतो. दीड-दोन हजार वर्षे खाली आली. यावर पुढे आणखी संशोधन होईल, वादही होतील. पण दाताने आपले वय वाढवले असते तर ज्या उत्साहाने आपण ते मथळ्यात छापले असते, त्याच उत्साहाने हेही छापले पाहिजे, असे मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगत असतो. अद्याप तरी ते माझे ऐकत नाहीत.

दक्षिणेकडे, उत्तर कर्नाटक आणि तेलंगणाच्या भागात राखेच्या टेकड्या आहेत. कोणी त्यांना राक्षसांची राख म्हणे, कोणी ज्वालामुखीची. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच तर्क केला, की हे जळालेले शेण असावे. तो खरा ठरला. १९५७ साली ॲल्चिन यांनी उटनूर येथे खोदले, तेव्हा राखेखाली गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले मिळाले! नवाश्मयुगातला तो गोठा होता. कुंपण घातलेले, शेण साठत गेलेले, आणि ते ठरावीक काळाने पेटवलेले. त्या पेटवण्याचा धागा ॲल्चिन यांनी होळी, पोंगल यांसारख्या सणांशी जोडून पाहिला. हे सिद्ध झालेले नाही, पण मोह पडावा असे आहे खरे. पुढे डेक्कन कॉलेजच्या डॉ. पद्दय्या यांनी बुदिहाळ येथे अशाच राखेच्या टेकडीजवळ उत्खनन केले. तेथे जनावरे कापण्याची जागाही मिळाली. गोठा आणि कत्तलीची जागा शेजारी शेजारी. मघाशी म्हटले तसे, दोन्ही नोंदवायचे.

आणि दूध? कच्छमध्ये कोटडा भडली नावाची हडप्पाकालीन लहानशी वस्ती आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. प्रबोध शिरवळकरांनी उत्खनन केले. मातीच्या भांड्यात शिजवलेल्या पदार्थाची स्निग्धता भांड्याच्या सच्छिद्र अंगात मुरते आणि हजारो वर्षे राहते. डॉ. कल्याण शेखर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ५९ खापरे तपासली आणि काहींत दुधाचा अंश ओळखला. २०२० साली हे प्रसिद्ध झाले. भांडी साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तेथील गाई-म्हशी पुष्कळशा प्रौढ वयात मेलेल्या, म्हणजे दुधासाठी राखलेल्या. शेळ्यामेंढ्या मात्र लहान वयात मारलेल्या. गाई-म्हशींच्या दातांतील रासायनिक खुणांवरून त्यांना बाजरीवर्गीय धान्याचा चारा घातला जात होता, असेही दिसले. शेळ्यामेंढ्या रानचा पाला खात. घरच्या गायीला वैरण आणि शेळी रानात, ही व्यवस्था आपल्या कोणत्याही खेड्यात आजही पाहावी.

याच ओघात घोड्याचा प्रश्न येतो. तो टाळून पुढे जाणे या व्यासपीठावर शोभणार नाही. हडप्पा संस्कृतीत घोडा होता की नव्हता, यावर गेली पन्नास वर्षे लेखण्या झिजल्या. कच्छमधील सुरकोटडा येथे जगत्पती जोशी यांच्या उत्खननात काही हाडे आणि दात मिळाले; ते घोड्याचे आहेत, असे ए. के. शर्मा यांनी १९७४ मध्ये मांडले. हंगेरीचे ख्यातनाम तज्ज्ञ सँडोर बोकोनी यांनी १९९१ साली ती हाडे प्रत्यक्ष पाहून तोच निर्वाळा दिला. मेडो आणि अजिता पटेल यांनी तो मान्य केला नाही. अडचण अशी, की कच्छच्या रणात रानगाढव आहे, आणि घोडा व रानगाढव यांची तुटकी हाडे ओळखणे शेळी-मेंढीइतकेच बिकट. दोन्ही बाजूंना तोलामोलाचे तज्ज्ञ आहेत. तेव्हा प्रामाणिक उत्तर एवढेच, की प्रश्न निकाली निघालेला नाही.

पण आपल्यातील काहींना तेवढ्याने समाधान नव्हते. २००० साली एका ग्रंथात मोहेंजोदडोच्या एका तुटक्या मुद्रेचे अंधुक चित्र छापून, त्यावर घोडा आहे, असे जाहीर करण्यात आले. मुद्रेची स्पष्ट छायाचित्रे बाहेर आली तेव्हा ते जनावर नेहमीचा एकशिंगी वृषभ निघाले. हसे झाले. आणि त्या हशात सुरकोटड्याचा खरा, अभ्यासाने मांडलेला मुद्दाही वाहून गेला. बोकोनींसारख्या माणसाने दिलेली साक्ष एका अंधुक चित्रासाठी आपण पणाला लावली. याचे मला आजही वाईट वाटते.

थोडे हलके बोलू. आपल्या भगिनीवर्गाची क्षमा मागून सांगतो, आपला उपवास अमेरिकन आहे! साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, रताळे, राजगिरा, हिरवी मिरची. सारे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी येण्यापूर्वी हे येथे नव्हते. एकादशीच्या ताटात अस्सल जुनी म्हणावी ती वरी. ज्यांना हे खरे वाटत नाही त्यांच्यासाठी उत्खनकाचा एक नियम सांगतो. जुन्या थरात अमेरिकेतल्या पिकाचा दाणा मिळाला, तर तो आधी आनंदाने उडी मारत नाही; तो उंदराचे बीळ शोधतो. वरच्या थरातले दाणे उंदीर खाली नेतात. अलीकडे एकेका दाण्याचे स्वतंत्र कालमापन करता येते. दख्खनच्या काही जुन्या स्थळांवर ज्वारी मिळाल्याच्या नोंदी अभ्यासक पुन्हा तपासू लागले आहेत, ते याच कारणाने. मूग, उडीद, हुलगा, तीळ, तूर ही मात्र आपल्याच भूमीची लेकरे. हरियाणातील फरमाणा येथे तर भांड्यावर आणि माणसाच्या दातांवर हळदीचे व आल्याचे सूक्ष्म कण मिळाल्याचे २०१० साली जाहीर झाले. ते उत्खननही डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजनेच केले होते.

शेवटचा मुद्दा आपल्या दारातला आहे. आपल्या खेड्यांत दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. शेकडो वर्षे माणूस एका जागी राहिला, चुली पेटल्या, राख पडली, भिंती ढासळल्या, तेथील माती पांढरट झाली. ही पांढरी म्हणजेच मी मघापासून बोलतो आहे तो उकिरडा. एकट्या जोर्वे संस्कृतीची दोनशेहून अधिक स्थळे महाराष्ट्रात नोंदलेली आहेत. प्रवरा, गोदावरी, भीमा, तापी यांच्या खोऱ्यांत ती विखुरलेली आहेत. त्यांतील अगदी थोड्या ठिकाणी शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. बाकीच्यांचे काय होते? पांढरीची माती खत म्हणून चांगली, म्हणून ती पूर्वी बैलगाड्यांतून शेतात जाई. आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आहेत. पूर्वी जी टेकडी संपायला दोन पिढ्या लागत, ती आता आठवड्यात सपाट होते. ज्याच्या शेतात टेकाड आहे त्या शेतकऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

आपल्याकडे १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली तर सरकारला कळवावे, असे तो सांगतो. दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ काढताना तांब्या-काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाला, तेव्हा सगळे धावले. ते योग्यच झाले. पण जळक्या हुलग्याची किंमत दहा रुपये होत नाही, आणि बकऱ्याच्या तुटक्या जबड्याचीही नाही. त्यासाठी कोणी धावत नाही.

म्हणून येथे खेड्यापाड्यांतून आलेल्या कार्यकर्त्यांना काही सूचना करतो. आपल्या गावच्या टेकाडाची माती निघताना राखेचा थर, खापरांचा खच, हाडे किंवा काळे दाणे दिसले, तर काम तेवढ्यापुरते थांबवण्याची विनंती करा. स्वतः उकरू नका. तुम्ही कितीही काळजीने उकरले तरी कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे त्यानंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि ते गेले की दाण्यात आणि हाडात काही उरत नाही. जे आधीच सुटून बाहेर पडले असेल ते धुऊ नका, घासू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर ठेवू नका, बुरशी येते, कागदात गुंडाळा. कोणत्या गटात, टेकडीच्या कोणत्या बाजूला, किती हात खोल, हे त्या कागदावर पेन्सिलीने लिहा, कारण शाई पसरते. छायाचित्र काढताना शेजारी एखादी पट्टी किंवा काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळेल. आणि तहसीलदारांमार्फत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवून त्या पत्राची पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

कोणाला काही विचारायचे असेल तर कार्यक्रमानंतर मी येथेच थांबणार आहे.